सोबतच्या नावाचे अकरा डबे

१

टेबलावर अकरा डबे होते. पत्र्याचे, गोल, बावीस सेंटिमीटर उंच. झाकणाला चीर, चिरेखाली कुलूप. कुलपं अकरा, किल्ली एकही नाही. प्रत्येक डब्यावर सारखीच छापील पट्टी होती, ‘सोबत मदत निधी : चाकाच्या खुर्चीसाठी तुमचा हातभार’. ती झाकणावरून खाली डब्याच्या पोटापर्यंत चिकटवलेली होती. म्हणजे झाकण उघडायचं तर पट्टी फाटणार. फाटलेल्या पट्ट्या : शून्य.

तिने ‘शून्य’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

धर्मादाय नोंदणी कार्यालयात ती सात महिन्यांपूर्वी लागली होती. पदार्थविज्ञानाची पदवी आणि पर्समध्ये शिंप्याची टेप, एवढ्या भांडवलावर. पहिल्याच आठवड्यात तिने कार्यालयातल्या दोन सारख्या दिसणाऱ्या कपाटांत चार सेंटिमीटरचा फरक काढून दाखवला, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं फूटपट्टी.

“मोजून झालं असेल तर बोलू या का?” साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला.

“साहेब, हे डबे तीन महिने दुकानांत होते आणि एकदाही उघडलेले नाहीत.”

“मग?”

“तक्रारीत लिहिलंय की ‘सोबत’चा माणूस दर आठवड्याला पैसे काढून नेतो.”

साहेबांनी तक्रारीचा कागद उलटसुलट केला. टाइप केलेला, खाली सही नाही, ‘एक देणगीदार’ एवढंच. मध्ये अकरा दुकानांची यादी. “लोक मीठमसाला लावतातच. तू कायदा बघ. दुसऱ्या संस्थेच्या नावाने, किंवा त्या नावाशी गल्लत होईल अशा नावाने मदत मागितली, तर मागणारा गुन्हेगार. पण संस्थेने स्वतःच परवान्याबाहेर दुसरं नाव लावून मागितली, तर संस्थेचा परवाना रद्द. ‘सोबत’ला डबे ठेवायचा परवाना नाही. तेव्हा हे डबे ठेवणारा हात कुणाचा, एवढंच शुक्रवारी चार वाजता ठरवायचंय. तोवर त्यांचं देणगी घेणं आणि खर्च करणं, दोन्ही बंद.”

“हात बाहेरच्याचा असू शकतो.”

“असू शकतो,” साहेब म्हणाले, “पण शिपाई डबे गोळा करायला गेला तेव्हा अकराही दुकानदारांनी त्याला एकच सांगितलं. डबा ठेवणारा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून आला होता.”

२

‘सोबत’ म्हणजे एक लांबट शेड. दारात पायरी नाही, उतार होता. आत लोखंडी नळ्यांच्या चळती, भिंतीला टांगलेली जुनी, वाकलेली चाकं, वितळलेल्या धातूचा वास. जागोजाग अर्धवट खुर्च्या उभ्या होत्या, कुणाला पाठ नाही, कुणाला पाय नाहीत.

संस्थेची प्रमुख आक्का. साठीची, आवाज असा की चालत्या यंत्रावरूनही ऐकू यावा. खुर्च्या बनवायचा तो मिस्त्री, आणि तो स्वतःच बनवलेल्या खुर्चीतून शेडभर भिरभिरायचा.

“आलात? या, या,” मिस्त्री म्हणाला. “चोर पकडायला आला असाल तर मी इथेच आहे. पळून जाणार नाही, पाय दगा देतात.”

“गप रे,” आक्का म्हणाली. “बाई, याच्या बोलण्यावर जाऊ नका. तरुणपणी याने एकाची सायकल न विचारता विकली होती, ते अजून लोक विसरत नाहीत. आता खुर्चीतला माणूस म्हटलं की सगळ्यांची बोटं याच्याकडे.”

“सायकल नव्हे, सायकली,” मिस्त्री म्हणाला. “तीन. खोटं कशाला?”

फूटपट्टीला हसू आलं, पण तिने ते वहीत घातलं. भिंतीवर एक यादी होती, तेवीस ओळींची. खुर्चीसाठी थांबलेली तेवीस माणसं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘गणिताच्या बाई, अपघात, आठ महिने’.

त्या बाई तिथेच होत्या, भिंतीलगतच्या बाकावर. भाऊ त्यांना उचलून आणायचा आणि मापं झाली की उचलून न्यायचा.

“माझी खुर्ची नव्वद टक्के झालीय,” बाई म्हणाल्या. “उरलेल्या दहा टक्क्यांत चाकं येतात, ही अडचण. सोमवारी शाळा सुरू होते. मुख्याध्यापकांनी जागा आठ महिने राखून ठेवली. सोमवारी मी वर्गात दिसले नाही, तर दुसऱ्या शिक्षकाला घेणार आहेत. त्यांचंही चूक नाही. मुलांना कुणीतरी शिकवायला हवंच ना?”

“चाकं आणायला हात बांधलेत,” आक्का म्हणाली. “तुमच्या कार्यालयाने.”

फूटपट्टीने टेप काढली आणि मिस्त्रीच्या खुर्चीची रुंदी घेतली. चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंत सत्तावन्न सेंटिमीटर. बाईंच्या अर्धवट खुर्चीची घेतली, चाकांची जागा धरून. सत्तावन्न. शेडमधल्या नऊही खुर्च्या सत्तावन्न.

“इतक्या अरुंद?”

“जुन्या घरांची आतली दारं साठाची असतात,” मिस्त्री म्हणाला. “बाजारातली खुर्ची देखणी, पण दारातच अडते. माझ्या खुर्चीत माणूस न्हाणीघरापर्यंत जातो. आणि समोरच्या बेकरीतही. एकसष्टचं दार आहे, मी रोज जातो. खारी ताजी असेल तर दोनदा.”

“तुमच्या नावाशी कुणाचं वाकडं आहे का?”



“आमचं नाव याआधी एकदा चोरीला गेलंय,” आक्का म्हणाली. “चोर कोण, ते तुमच्याच फायलीत आहे.”

३

फायलीत होता चिटणीस. पाच वर्षं ‘सोबत’मध्ये पत्रव्यवहार बघायचा. भांडून बाहेर पडला आणि ‘सोबती’ नावाची संस्था काढून बसला. लोक ‘सोबत’ समजून ‘सोबती’ला देणग्या देऊ लागले. कार्यालयाने त्याला नाव बदलायला लावलं, दंडही केला.

चिटणीसाच्या खोलीत गुळगुळीत टेबल होतं आणि भिंतीवर त्याचेच सतरा फोटो. सतराही फोटोंत तो कुणाला तरी काहीतरी देत होता.

“यायलाच हवं होतं तुम्ही,” तो म्हणाला. “गावात कुठेही नाव चोरीला गेलं की पहिली पायधूळ माझ्याकडे. चहा?”

“नको. पट्टीवर ‘सोबत मदत निधी’ असं आहे. तुमची पद्धत आहे.”

“होती. कान पिळला तुम्ही, आता नाही.” त्याने खुर्ची मागे रेलली. “किती गोळा झालं?”

“ते मोजलेलं नाही. डबे उघडलेलेच नाहीत.”

“तुम्ही नाही उघडले. पण त्याने?”

“त्यानेही नाही. तीन महिन्यांत एकदाही नाही.”

चिटणीस सरळ बसला. मग पोट धरून हसला. “अहो, मग तो मी नाहीच! नाव चोरणारा कशासाठी चोरतो? मी ‘सोबती’ काढली तेव्हा पहिल्या दिवशी तीनदा टपाल बघून आलो होतो. आंबा लावायचा, आंबा पिकू द्यायचा आणि झाडाकडे फिरकायचंच नाही? असा चोर मी तरी पाहिला नाही. तो चोर नाही, वेडा आहे.”

ती उठली. दारात पोचल्यावर तो मागून म्हणाला, “किंवा मग त्याला आंबे नकोच असतील. झाड तोडलेलं हवं असेल.”

रस्त्यावर येईपर्यंत ते वाक्य तिला चिकटून राहिलं. डबे पैसे गोळा करायला ठेवलेच नव्हते. सापडावेत म्हणून ठेवले होते.

४

दोन दिवस ती दुकानं फिरली. मोठा रस्ता आणि त्याच्या दोन गल्ल्या मिळून चाळीस दुकानं, त्यांपैकी अकरांत डबे होते.

“कसा दिसायचा माणूस?” तिने औषधवाल्याला विचारलं.

“मिशा होत्या. जाड.”

“टोपी होती, मिशा नव्हत्या,” चष्मेवाला म्हणाला.

“वय पन्नास.” “छे हो, तिशीतला असेल.” “चेहरा दुःखी होता.” “हसतमुख होता बिचारा.”

अकरा दुकानदार, अकरा चेहरे. पण खुर्चीचं विचारलं की सगळ्यांच्या आठवणीला धार यायची. दवाखान्यातली असते तशी, न मिटणारी, जड. काळी बैठक. उजव्या पायाखालची पट्टी गायब. पाठीवर तळहाताएवढा राखाडी रंगाचा ताजा डाग. अकरापैकी नऊ जणांनी पायपट्टी सांगितली, सात जणांनी डाग. माणसाला कुणी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांनी खुर्ची पाहिली होती.

औषधवाल्याच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या. फूटपट्टीने त्या मोजल्या, प्रत्येकी सोळा सेंटिमीटर.

“त्याला वर कुणी घेतलं?”

“म्हणजे?”

“खुर्ची या पायऱ्यांवरून वर कशी आली?”

औषधवाल्याने पायऱ्यांकडे असं पाहिलं, जणू त्या आत्ताच कुणी आणून ठेवल्या. “गिऱ्हाइकांनी उचललं असेल कुणीतरी. मी बघितलं तेव्हा तो दारातून आत येत होता.”

“तुम्ही नाही उचललं?”

“माझी कंबर धरलेली असते हो.”

पायऱ्यांची सहा दुकानं, सहा दुकानदार. ‘दुसऱ्या कुणीतरी’ उचललं होतं. हा दुसरा कुणीतरी सहाही ठिकाणी हजर होता आणि एकालाही दिसला नव्हता.

शेवटचं दुकान वह्या-पेन्सिलींचं. तिथली मावशी फटकळ.

“डबा? मला काउंटरवर डबाबिबा चालत नाही. बिचारा खुर्चीत होता म्हणून तोंडावर नाही म्हटलं नाही. त्याची पाठ वळली, तसा उचलून मागच्या खोलीत शाईच्या खोक्यांवर ठेवला.”

“त्याच दुपारी?”

“त्याच मिनिटाला.”

“मग तो नंतर कुणाला दिसला? गिऱ्हाइकाला? शेजाऱ्यांना?”

“मागच्या खोलीत कोण तडमडणार? माझा नवराही जात नाही.”

फूटपट्टीने पर्समधून तक्रारीची प्रत काढली. अकरा दुकानांची यादी. सातवी ओळ वह्या-पेन्सिलींच्या दुकानाची.

तो डबा तिथे आहे हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. मावशीला आणि ठेवणाऱ्याला. आणि मावशीला टाइप करता येत नव्हतं.

५

तिचे वडील शिंपी. संध्याकाळी सहाला ते एका कोटाची बाही उसवत बसले होते आणि ती जमिनीवर वही पसरून.

“काय गं पोरी, जेवणखाण सोडून काय मांडलंयस?”

“बाबा, खुर्चीतला माणूस कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही?”

“पायरी असेल तिथे नाही जाणार.”

“आणि?”

“दार अरुंद असेल तिथे. माप न घेता शिवलेली बाही खांद्यात अडते, तशी खुर्ची दारात अडणार.”

तिने चाळीसही दुकानं मोजली होती, डबा असलेली आणि नसलेली. दार सत्तरहून रुंद असलेली पंचवीस, चौसष्टहून अरुंद पंधरा, मधलं एकही नाही. तिने चार चौकोन आखले. रुंद दार, पायरी नाही : बारा दुकानं, पाच डबे. रुंद दार, पायऱ्या : तेरा दुकानं, सहा डबे. अरुंद दार, पायरी नाही : नऊ दुकानं, डबा नाही. अरुंद दार, पायऱ्या : सहा दुकानं, डबा नाही.

वडिलांनी सुई दातांत धरून वहीत डोकावलं. “उलटं झालंय की हे.”

“काय उलटं?”

“पायरीने त्याचं काही अडलं नाही. दाराने अडलं.”

ती वहीकडे बघतच राहिली. ‘सोबत’च्या खुर्चीतला माणूस अरुंद दारातून आरामात जातो, मिस्त्री रोज एकसष्टच्या दारातून बेकरीत जातो. आणि पायरी आली की थांबतो, कारण त्याला थांबावंच लागतं. हा माणूस बरोबर उलटा होता. अकरा डबे डोळे मिटून चाळीस दुकानांत वाटले, तर एकही अरुंद दारात न पडण्याची शक्यता हजारात दोनपेक्षाही कमी. म्हणजे खुर्ची रुंद होती, चौसष्टच्या दारातून न जाणारी. आणि माणूस?

“बाबा, ज्याला चालता येतं त्याला पायरी दिसतच नाही ना?”

“मला कुठे दिसते? रोज दोनदा ठेचकाळतो.”

तो बाहेर खुर्चीतून उठायचा. रिकामी खुर्ची मागे ओढत पायऱ्यांवरून वर घ्यायचा. दाराशी बसायचा आणि चाकं फिरवत आत जायचा. मिशा लावल्या, टोपी घातली, चेहरा बदलला. पायऱ्यांचा विचार मात्र त्याच्या डोक्याला शिवलाही नाही.

तिने तक्रारीतली यादी पुन्हा काढली आणि अकरा दुकानं नकाशावर क्रमाने जोडली. ज्याला डबे येता-जाता दिसले तो आठवेल तसे लिहितो, रेघ इकडून तिकडे उड्या मारते. ही रेघ एका पदपथाने सरळ गेली, वळली आणि दुसऱ्या पदपथाने परत आली. जड खुर्ची ढकलणारा माणूस चालेल तशी. रेघेची दोन्ही टोकं एकाच दारासमोर होती.

त्या दारात डबा नव्हता. पण त्या दारावर तिने दुपारीच पाटी वाचली होती : ‘रुग्णांसाठी खाटा, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या भाड्याने मिळतील’.

६

त्याला सगळे खाटवाला म्हणत. दुकानात खाटा एकमेकींवर रचलेल्या, त्यांवर धूळ. गिऱ्हाईक नव्हतं. तिला बघून तो इतक्या लगबगीने उठला की तिला वाईट वाटलं.

“या ताई! खाट हवी? कुबड्या?”

“खुर्ची. चाकाची. एका दिवसासाठी.”

मागच्या भिंतीला सहा खुर्च्या ओळीने लावल्या होत्या. पाठींवर पांढऱ्या रंगात आकडे. एक, दोन, तीन, पाच, सहा. तिसरी आणि पाचवी यांच्यामध्ये जी होती तिच्या पाठीवर आकडा नव्हता, तळहाताएवढा राखाडी डाग होता. उजवी पायपट्टी नव्हती.

फूटपट्टीने टेप काढली.

“माप घ्या ना, खुशाल घ्या,” खाटवाला म्हणाला. “अस्सल माल आहे.”

सदुसष्ट.

“ही द्या.”

“ती? तिची पायपट्टी तुटलीय. एक नंबरची घ्या, नवी आहे.”

“हीच बरी. स्वस्तात मिळेल.”

तो घुटमळला. मग त्याची नजर रिकाम्या दुकानावरून फिरली, दारापर्यंत गेली आणि परत आली. तीन आठवड्यांत पहिलंच गिऱ्हाईक असावं. त्याने पावतीपुस्तक उघडलं, नेहमीच्या सवयीने लिहिलं आणि पावती फाडून दिली.

“कुठे पोचवू?”

“धर्मादाय नोंदणी कार्यालयात. तुमचं येणं होईल ना उद्या? संध्याकाळी पाचला तिथूनच परत घेऊन जा.”

कार्यालयाचं नाव ऐकून त्याचा हात पावतीपुस्तकावर थबकला. “तिथे कशाला खुर्ची?”

“एका सुनावणीला माणसं येणार आहेत,” ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

“हो का. ‘सोबत’चीच ना? बरं झालं, वेळेवर लक्ष घातलंत. येतो मी पाचला.”

बाहेर येऊन तिने पावती वाचली. त्याच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘खुर्ची क्रमांक चार’.

७

शुक्रवारी चार वाजता खोली भरली. अकरा दुकानदार, आक्का, मिस्त्री, भावासोबत गणिताच्या बाई. चिटणीसही आला होता. ‘या वेळी मी आरोपी नाही, ते बघायला’, असं म्हणाला.

खोलीच्या मध्यभागी कापडाखाली काहीतरी होतं. साहेब कुरकुरले, “हे काय जादूचे प्रयोग आहेत का?”

फूटपट्टीने कापड काढलं.

“हीच!” मावशी ओरडली. “पायपट्टी बघा, नाहीच!”

“डागही तोच,” चष्मेवाला म्हणाला. दुकानदार मिशांवरून तीन दिवस भांडत होते, खुर्चीवर त्यांचं अर्ध्या मिनिटात एकमत झालं.

मग तिने सांगितलं. न फाटलेल्या पट्ट्या, म्हणजे पैसे हा हेतूच नव्हता. मागच्या खोलीतला डबा तक्रारीत आला, म्हणजे तक्रार करणारा आणि डबे ठेवणारा एकच. तो चार चौकोनांचा तक्ता, ती एका दारापाशी मिळणारी रेघ. तिने मिस्त्रीला विचारलं, “औषधवाल्याच्या पायऱ्या तुम्ही एकटे चढाल?”

“दोन माणसं लागतात. आणि तिसरा, शिव्या द्यायला.”

“बेकरीत?”

“बेकरीत मी झोपेतही जाईन. तिथे डबा ठेवला नाही, यावरूनच ओळखा की तो मी नव्हे. मी ठेवला असता तर पहिला तिथेच. खारीच्या बरणीशेजारी.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

“खुर्ची कुणाची?”

“पाच वाजता येतील न्यायला.”

पाचला सात मिनिटं कमी असताना दार उघडलं. खाटवाला वेळेचा पक्का होता. आत आला, अकरा ओळखीचे चेहरे पाहिले, मधोमध ठेवलेली खुर्ची पाहिली आणि जागेवरच थांबला.

“या,” फूटपट्टी म्हणाली. कापसाच्या बोळ्यावर तिने रंग पातळ करायचं द्रावण घेतलं आणि खुर्चीच्या पाठीवरचा राखाडी डाग हलक्या हाताने पुसला. चौथ्या बोळ्याला खालचा पांढरा आकडा दिसू लागला. चार. शेजारी तिने पावती ठेवली.

चिटणीसाने हळूच म्हटलं, “झाड तोडायचं होतं बघा.”

खाटवाला खाली बसला, नेमका त्याच खुर्चीत, कारण जवळ तीच होती. लक्षात येताच तटकन उठला.

“महिन्याला तीस खुर्च्या जायच्या माझ्या,” तो म्हणाला. “आता तीनसुद्धा जात नाहीत. हे फुकट देतात. फुकटाशी कोण झुंजणार? वाटलं, परवाना गेला की लोक परत येतील. डब्यातला एक पैसाही घेतला नाही हो मी.”

“नाव घेतलंत,” आक्का म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “बावीस वर्षं लागली ते नाव लोकांच्या तोंडात बसायला.”

साहेबांनी दोन्ही कलमं वाचली. पहिलं खाटवाल्याला लागू झालं, नाव वापरल्याचा खटला होणार होता. दुसरं गळून पडलं. ‘सोबत’चा परवाना त्याच मिनिटापासून पुन्हा चालू. डबे लोकांनी ज्यांचं नाव वाचून भरले, त्यांच्या हवाली करायचे.

“साहेब, अजून एक,” मिस्त्री म्हणाला आणि खुर्ची फिरवून खाटवाल्यासमोर नेली. “तुझ्या खुर्च्या सदुसष्टच्या. म्हणून जात नाहीत. आमच्यामुळे नव्हे. लोक भाड्याने नेतात, दारात अडते, दुसऱ्या दिवशी परत आणतात. खरं की नाही?”

खाटवाल्याने मान खाली घातली.

“माझ्याकडे आण. सहाही. दहा सेंटिमीटर कापून जोडून देतो. घरात तरी शिरतील. आजारी माणसाला महिनाभर खुर्ची लागते, त्याला आमची कायमची कशाला?”

“तू माझं काम का करशील?”

“मी तीन सायकली विकल्यात,” मिस्त्री म्हणाला. “मला कुणीतरी काम दिलंच ना?”

आक्काने छताकडे बघून सुस्कारा सोडला. “मजुरी घेऊ हो आम्ही. आणि पायपट्टी बसवल्याची वेगळी.”

गणिताच्या बाई मागून म्हणाल्या, “माफ करा, पण चाकांचं दुकान साडेसहाला बंद होतं.”

पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. बाईंचा भाऊ आणि चष्मेवाला दाराबाहेर धावत सुटले.

८

सोमवारी सकाळी फूटपट्टी बाईंच्या दाराशी उभी होती. अंतर तिने रविवारी मोजून ठेवलं होतं. मिस्त्रीने पुन्हा एकदा आस तपासला, ब्रेक दाबून बघितला. भावाने दप्तर मांडीवर ठेवलं आणि मागचे दांडे धरायला गेला.

“हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या.

फूटपट्टीने घड्याळ सुरू केलं.

घराच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत सहाशे चाळीस मीटर. वाटेत थांबे दोन. वेळ : चौदा मिनिटं, दहा सेकंद.